अनेक चलांचं फलन आटोक्यात कसं आणायचं: पहिल्या छेदापासून शेवटच्या चाचणीपर्यंत

समजा तुमच्याकडे एक प्रोग्राम आहे. त्याला आठ आकडे दिले की तो वीस मिनिटं गुरगुरतो आणि एक आकडा बाहेर टाकतो. आता तो तुम्हाला एक लाख वेळा चालवायचाय. कदाचित त्या आठांचा सगळ्यात चांगला संच शोधायचा असेल, किंवा आठही आकड्यांत थोडी थोडी अनिश्चितता धरली तर उत्तर किती हलतं ते बघायचं असेल. वीस मिनिटं गुणिले एक लाख म्हणजे पावणेचार वर्षांहून जास्त. तेवढं कोण थांबणार? मग प्रोग्राम शे-दोनशे वेळा चालवायचा आणि त्या उत्तरांवरून त्याच्यासारखंच वागणारं, पण क्षणात उत्तर देणारं स्वस्त फलन बांधायचं (आत जाणारे आकडे म्हणजे चलं, त्यांवरून उत्तर देणारं सूत्र म्हणजे फलन). या बदली फलनाला कुणी सरोगेट म्हणतं, कुणी एम्युलेटर, कुणी रिस्पॉन्स सरफेस. काम तेच.

हे काम मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने इथे लिहिलंय. पद्धतींची नावं भरपूर येतील, पण माझा रोख पद्धतींवर नाही. वीस चलांचं फलन खरोखरच वीसही दिशांनी मनमानी वळवळत असेल, तर ते दोनशे बिंदूंवरून पकडणारी पद्धत अस्तित्वात नाही. जी फलनं हाती लागतात त्यांच्या पोटात कुठेतरी साधेपणा दडलेला असतो, आणि तो हुडकणं हेच खरं काम. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच.

सरळ जाळी टाकून का भागत नाही

एका चलाचं फलन असेल तर दहा ठिकाणी किंमत काढायची आणि मधली जागा भरून घ्यायची. दोन चलं असतील तर १०० बिंदू, तीन असतील तर १,०००. दहा चलं झाली की आकडा १,००० कोटींवर जातो. दर बिंदूला एकच सेकंद लागला तरी ३१७ वर्षं. नुसती उत्तरं साठवायची म्हटली, तर दर आकड्याला ८ बाइट धरून ८० गिगाबाइट. रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात या अडचणीला मितींचा शाप असं नाव दिलं (दर चल ही एक मिती), आणि ते चिकटलं.

जागा वाढते एवढंच असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण जागेचा आकारही विचित्र होतो. चौरसाच्या चारही कडांना ५-५ टक्के पट्टी सोडली तर आत ८१ टक्के क्षेत्रफळ उरतं. दहा मितींच्या पेटीत तसंच केलं तर आतला भाग ३५ टक्के. पन्नास मितींत अर्धा टक्का. म्हणजे यादृच्छिक टाकलेला जवळजवळ प्रत्येक बिंदू कोणत्या ना कोणत्या भिंतीला चिकटलेला असतो. 'आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाज' ही कल्पना इथे ढासळते, कारण आजूबाजूला कुणी नसतंच. उच्च मितींत दोन-तीन मितींची चित्रं मनात ठेवून निर्णय घेतले की हमखास फसायला होतं.

पायरी पहिली: काय हवंय ते आकड्यात लिहा

ही पायरी छोटी आहे, पण लोक ती टाळतात. किती चूक चालेल? सरासरी चूक महत्त्वाची की सगळ्यात वाईट जागची? उत्तराची फक्त सरासरी हवी आहे का? तसं असेल तर कदाचित बदली फलनाची गरजच नाही. साधी माँटे कार्लो पद्धत, म्हणजे यादृच्छिक बिंदूंवरच्या उत्तरांची सरासरी काढणं, किती मिती आहेत हे विचारत नाही. तिची चूक बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, मग चलं तीन असोत की तीनशे. एक अंक अधिक अचूकता हवी तर शंभरपट बिंदू, हा तिचा दर. तो परवडत असेल तर पुढचं वाचायची तसदी घेऊ नका.

प्रोग्राम किती वेळा चालवता येईल तेही लिहून ठेवा. ५० रन, ५०० रन आणि ५०,००० रन हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

पायरी दुसरी: फलनाची उलटतपासणी

कोणतंही मॉडेल, म्हणजे बदली फलन, बसवण्याआधी पेटीत, म्हणजे चलांच्या मर्यादांनी आखलेल्या जागेत, यादृच्छिक पाच-सहा ठिकाणं घ्या. प्रत्येक ठिकाणातून एक यादृच्छिक दिशेची सरळ रेषा काढा आणि तिच्यावर वीसेक बिंदूंत फलनाची किंमत काढून आलेख बघा. दिशा तिरप्याच घ्या. अक्षांना समांतर छेद गुळगुळीत दिसतात आणि दोन चलांच्या एकत्र परिणामातून पडलेली घडी लपून राहते. शंभर-सव्वाशे रन खर्च होतात, पण हे बिंदू पुढे मॉडेलसाठीही वापरता येतात. रनच मोजके, पन्नासेक असतील, तर एक-दोन रेषांवर भागवा.

आलेखात तीन गोष्टी शोधा. उडी आहे का, म्हणजे किंमत एकाएकी तुटते का. घडी आहे का, म्हणजे किंमत सलग पण उतार एकाएकी बदलतो का. आणि थरथर आहे का. थरथर तपासायला एकाच जागी चल अगदी नखभर, दशलक्षांश भागाने हलवत दहा रन करा. उत्तरं एका सरळ रेषेत यायला हवीत. ती वरखाली नाचत असतील, तर प्रोग्रामच्या पोटातला सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, कुठेतरी 'पुरे झालं' म्हणून थांबतोय आणि तेवढी थरथर तुमच्या अचूकतेची तळरेषा आहे. तिच्याखाली जायचा प्रयत्न म्हणजे थरथर पाठ करणं.

इथे माझी एक फजिती सांगतो. बारा चलांचं एक मॉडेल मी दोन आठवडे बसवत होतो आणि चूक काही केल्या चार टक्क्यांच्या खाली येईना. बिंदू दुप्पट केले, पद्धत बदलली, न्यूरल नेटवर्क लावून पाहिलं. शेवटी कंटाळून सगळी उत्तरं नुसती उतरत्या क्रमाने लावली, तर तळाशी तीसेक उत्तरं तंतोतंत सारखी. त्या रनमध्ये सॉल्व्हर उत्तरापर्यंत पोचलाच नव्हता आणि प्रोग्रामने निमूटपणे सुरुवातीचीच किंमत परत केली होती. एकही इशारा नाही. तेव्हापासून पहिलं काम म्हणून उत्तरांची क्रमवारी लावून दोन्ही टोकं डोळ्यांनी बघतो. फसलेले रन काढून टाकतानाही सावध राहा. ते पेटीच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील, तर त्या कोपऱ्यात तुमचं मॉडेल आंधळं आहे.

पायरी तिसरी: चलं कमी करा

लेखाचा गाभा हाच, म्हणून इथे एक उदाहरण पूर्ण उलगडतो. बोअरहोल फलन हे या क्षेत्रातलं जुनं चाचणीचं फलन आहे. जमिनीखाली पाण्याचे दोन थर आहेत, त्यांना छेदून एक बोअर गेलाय, आणि वरच्या थरातून खालच्या थरात वर्षाला किती घनमीटर पाणी वाहील ते हे फलन सांगतं. चलं आठ: बोअरची त्रिज्या (०.०५ ते ०.१५ मीटर), प्रभावत्रिज्या (१०० ते ५०,००० मीटर), वरच्या थराची वहनक्षमता (६३,०७० ते १,१५,६००), खालच्या थराची वहनक्षमता (६३.१ ते ११६), वरच्या थराची जलपातळी (९९० ते १,११०), खालच्या थराची जलपातळी (७०० ते ८२०), बोअरची लांबी (१,१२० ते १,६८०) आणि बोअरमधल्या भरावाची पारगम्यता (९,८५५ ते १२,०४५).

सूत्र असं: अंशस्थानी २π गुणिले वरची वहनक्षमता गुणिले पातळ्यांतला फरक. छेदस्थानी दोन गुणक. पहिला, प्रभावत्रिज्या भागिले बोअरत्रिज्या याचा नैसर्गिक लॉग. दुसरा म्हणजे तीन पदांची बेरीज: १, अधिक वरची वहनक्षमता भागिले खालची, अधिक एक लांबलचक पद. ते पद म्हणजे २ × लांबी × वरची वहनक्षमता, भागिले तोच लॉग × बोअरत्रिज्येचा वर्ग × पारगम्यता.

आठ चलं, लॉग, भागाकारात भागाकार. बघून वाटतं, याला तगडी पद्धत लागणार. आता एकही रन न करता काय हाती लागतं ते बघा.

आधी एककं. मीटर आणि वर्ष ही दोनच मूळ एककं इथे आहेत. पातळ्या समुद्रसपाटीपासून मोजल्या काय किंवा दुसरीकडून मोजल्या काय, प्रवाह बदलणार नाही, म्हणून त्यांचा फरकच महत्त्वाचा. आठाची सात चलं झाली. उत्तर धरून आठ राशी, वजा दोन एककं, उरले सहा एककरहित गट. एडगर बकिंगहॅम यांनी १९१४ मध्ये मांडलेलं पाय प्रमेय एवढंच सांगतं. सहापैकी एक गट उत्तराचा, म्हणजे खरी चलं पाच. सूत्र माहीत नसतं, नुसता बंद प्रोग्राम हातात असता, तरी हा हिशेब झाला असता. सगळ्यात स्वस्त मितिकपात हीच, आणि का कोण जाणे, सॉफ्टवेअरच्या दुनियेत ती फारशी कुणी करत नाही.

आता पेटीच्या मध्यावरच्या किंमती घालून छेदातल्या बेरजेची तीन पदं काढू. पहिलं १. वहनक्षमतांचा भागाकार सुमारे ९९८. लांबलचक पद सुमारे १,८३,८००. तिसऱ्यापुढे पहिल्या दोघांची पत्रास नाही! ती सोडून दिली की लॉग लॉगला खातो, वरची वहनक्षमता वरच्या वहनक्षमतेला खाते, आणि उरतं ते असं: π × बोअरत्रिज्येचा वर्ग × पारगम्यता × पातळ्यांतला फरक ÷ लांबी. ओळखीचं वाटतं? नळीचं क्षेत्रफळ गुणिले पारगम्यता गुणिले उतार, म्हणजे हेन्री डार्सी यांचा १८५६ चा नियम. मध्यबिंदूवर यातून ७१.३ येतात, पूर्ण सूत्रातून ७०.९. सगळ्या पेटीत सर्वात वाईट कोपरा शोधला तरी फरक २.५ टक्क्यांच्या आत राहतो. आठ चलांचं राक्षसी वाटणारं फलन आतून चार गुणकांचा गुणाकार निघाला.

तुमचा प्रोग्राम बंद पेटी असेल तर हे कागदावर दिसणार नाही. मग हीच गोष्ट आकड्यांतून काढायची. त्यासाठी मॅक्स मॉरिस यांची १९९१ ची पद्धत मला आवडते. पेटीत एका जागेपासून सुरुवात करा, एका वेळी एकच चल एका टप्प्याने हलवा, उत्तर किती बदललं ते टिपा, आणि तिथूनच पुढचं चल हलवा. आठ चलांची एक फेरी म्हणजे नऊ रन. वेगवेगळ्या जागांवरून दहा फेऱ्या केल्या की ९० रन. प्रत्येक चलासाठी दहा बदल मिळतात. त्यांच्या निरपेक्ष किमतींची सरासरी नगण्य असेल तर ते चल गोठवून टाका. सरासरी मोठी पण बदलांत विखुरणं कमी असेल तर चल सरळ रेषेत वागतंय. विखुरणंही मोठं असेल तर ते वळतंय किंवा दुसऱ्या चलाशी गुंतलंय. बोअरच्या बाबतीत प्रभावत्रिज्या आणि दोन्ही वहनक्षमता तळाला पडलेल्या दिसतात.

उत्तराच्या चढउतारातला प्रत्येक चलाचा नेमका वाटा हवा असेल तर सोबोल निर्देशांक आहेत. त्यांना खूप रन लागतात, म्हणून ते मूळ प्रोग्रामवर काढू नका. आधी बदली फलन बांधा आणि मग त्याच्यावर काढा. बोअरसाठी सगळी चलं आपापल्या मर्यादांत समान शक्यतेने धरली, तर एकट्या बोअरत्रिज्येचा वाटा सुमारे ८३ टक्के, दोन्ही पातळ्यांचा प्रत्येकी ४, लांबीचा ४, पारगम्यतेचा १, आणि उरलेले चारेक टक्के चलांच्या आपसातल्या गुंत्याचे. नावाला आठ मिती आहेत, पण कारभार एकाच चलाच्या हातात.

कधी कधी एकही चल टाकता येत नाही, पण चलांची ठरावीक मिश्रणंच कामाची असतात. पातळ्यांतला फरक हे त्याचं साधं उदाहरण. अशी मिश्रणं शोधायला निरनिराळ्या बिंदूंवरचे ग्रेडियंट (दर चलाच्या दिशेने उतार किती त्याची यादी) घ्या, प्रत्येकाचा स्वतःशी बाह्य गुणाकार करून सरासरी मॅट्रिक्स काढा आणि तिची आयगेन मूल्यं (एकेका मिश्रणाच्या दिशेने फलन किती हलतं ते सांगणारे आकडे) बघा. दोन-तीन मोठी आणि मग एकदम दरी असेल, तर फलन त्या दोन-तीन दिशांनीच हलतंय. ग्रेडियंट मिळत नसतील तर सगळ्या बिंदूंवर एक सरळ प्रतल बसवा. त्याचा उतार हा पहिल्या दिशेचा स्वस्त अंदाज असतो.

आणि लॉग. चलं धन असतील आणि उत्तर पटींमध्ये बदलत असेल, तर दोन्हीकडे लॉग घेऊन बघाच. बोअरच्या पेटीत पातळ्यांतला फरक १७० च्या खाली कधीच जात नाही, म्हणून लॉग घ्यायला हरकत नाही. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि सगळं मॉडेल पाच सहगुणकांत बसतं: एक स्थिरांक आणि चार उतार. बोअरत्रिज्येचा उतार २ च्या किंचित खाली, पारगम्यतेचा १ च्या किंचित खाली, फरकाचा १, लांबीचा −१ च्या जवळ. हीच गोष्ट लॉग न घेता आठ चलांच्या तिसऱ्या घाताच्या बहुपदीने करायची म्हटली तर १६५ सहगुणक लागतात. जमेल, पण तीनशे-चारशे रन मोजून.

पायरी चौथी: बिंदू टाकणं

सगळी चलं आधी −१ ते १ किंवा ० ते १ मध्ये आणा. पटींत पसरलेली चलं, जसं १०० ते ५०,०००, लॉग घेऊन आणा.

मोजके रन असतील तर लॅटिन हायपरक्यूब घ्या. प्रत्येक चलाच्या मर्यादेचे जितके बिंदू तितके सारखे पट्टे पाडायचे आणि दर पट्ट्यात नेमका एक बिंदू येईल अशी मांडणी करायची. पुढे बिंदू वाढवत न्यायची शक्यता असेल तर सोबोल अनुक्रम (पेटी समान भरत जाणाऱ्या बिंदूंची ठरावीक यादी) बरा, कारण जुने बिंदू वाया जात नाहीत. त्यात संख्या २ च्या घातांत ठेवा: ६४, १२८, २५६. १०० घेतले की त्याचा समतोल बिघडतो. स्क्रॅम्बलिंग, म्हणजे समतोल न मोडता बिंदू यादृच्छिक विस्कटणं, चालू ठेवा. पहिला बिंदू सगळी शून्यं असतो म्हणून तो गाळायची जुनी सवय आहे, तीही सोडा. एक गाळला की समतोल पुन्हा बिघडला.

हॅल्टन अनुक्रम ही तशीच दुसरी यादी चार-पाच चलांपर्यंत गुणी आहे. वीस चलांवर मात्र त्याची शेवटची दोन चलं ६७ आणि ७१ या मूळ संख्यांवर चालतात, आणि त्या दोघांचा आलेख काढला तर पहिले साठ-पासष्ट बिंदू चक्क एका सरळ रेषेत उभे दिसतात. कोणतीही मांडणी वापरा, पण दोन-दोन चलांचे आलेख काढून बघितल्याशिवाय रन सुरू करू नका.

पायरी पाचवी: पद्धत निवडणं

फलन गुळगुळीत आणि रन शंभर ते काही हजार असतील तर मी बहुपदींपासून सुरुवात करतो. लोक त्यांना बिचकतात ते कार्ल रुंगे यांच्या १९०१ च्या उदाहरणामुळे. १/(१ + २५क्ष²) हे निरुपद्रवी फलन −१ ते १ मध्ये घ्या आणि समान अंतरावरच्या ११ बिंदूंतून बहुपदी काढा. टोकांजवळ चूक १.९ वर जाते, आणि फलनाची सर्वात मोठी किंमतच १ आहे. २१ बिंदू घेतले तर चूक ६० च्या आसपास. बिंदू वाढवले आणि चूक वाढली! पण दोष बहुपदीचा नाही, बिंदूंच्या जागांचा आहे. तेच २१ बिंदू चेबिशेव्ह पद्धतीने टोकांकडे दाटीने मांडले, म्हणजे अर्धवर्तुळावर समान कोनांत घेऊन त्यांची सावली व्यासावर पाडली, की चूक ०.०२ च्या आत येते.

अनेक मितींत सगळी पदं घेणं परवडत नाही. म्हणून एकूण घात मर्यादित ठेवा. दहा चलं, तिसरा घात: २८६ पदं. वीस चलं, पाचवा घात: ५३,१३०, म्हणजे हाताबाहेर. तिथे एकेका चलाला वरचे घात द्या, पण चार चलांचे एकत्र गुणाकार टाकून द्या. व्यवहारातल्या फलनांत असा मोठा गुंता सहसा क्षीण असतो.

रनच्या जागा तुमच्या हातात असतील आणि एकही रन फसत नसेल तर विरळ जाळी बघा. सर्गेई स्मोल्याक यांची १९६३ ची कल्पना: पूर्ण जाळी टाकण्याऐवजी, एका दिशेने दाट तर बाकीच्या दिशांनी विरळ अशा अनेक छोट्या जाळ्यांची बेरीज-वजाबाकी करायची. दहा चलांत दर अक्षावर ९ बिंदूंची पूर्ण जाळी म्हणजे जवळजवळ ३४९ कोटी बिंदू. तिसऱ्या पातळीच्या विरळ जाळीला पुरतात १,५८१. पण वजाबाकीचा धोका आहेच. थरथर असेल तर ती वजाबाकीत फुगते, आणि तिरपी घडी असेल तर जाळीला ती दिसतच नाही. पायरी दुसरीतले तिरपे छेद इथे कामी येतात.

रन महाग, म्हणजे पन्नास ते हजार, आणि 'इथे माझी खात्री किती' हेही हवं असेल, तर गाउसियन प्रोसेस, म्हणजे जवळच्या बिंदूंची उत्तरं सारखी असतील असं धरून अंदाज आणि त्याची अनिश्चितता दोन्ही देणारी पद्धत. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५० च्या दशकात सोन्याच्या साठ्याचे अंदाज बांधताना याची मुळं रोवली, म्हणून भूशास्त्रात याला क्रिगिंग म्हणतात. प्रत्येक चलाला वेगळी लांबी-मोजपट्टी (ते चल किती हललं की उत्तर बदलतं ते अंतर) द्या. बसवल्यावर ज्या चलाची मोजपट्टी अवाढव्य निघते ते चल बिनकामाचं असल्याचा इशारा समजा. थरथरीसाठी बिंदूंच्या परस्परसंबंधांच्या मॅट्रिक्सच्या कर्णावर छोटी भर घालायला विसरू नका. मर्यादा संगणकाच्या मेमरीची: १०,००० बिंदूंची मॅट्रिक्स ८०० मेगाबाइट घेते, एक लाखाची ८० गिगाबाइट, आणि गणनेचा वेळ घनाच्या हिशेबाने वाढतो.

टेन्सर ट्रेन ही इव्हान ओसेलेडेट्स यांनी २०११ मध्ये मांडलेली रचना. वीस चलांची, दर चलाला दहा बिंदू अशी महाजाळी म्हणजे १ वर २० शून्यं. तिला छोट्या खोक्यांच्या साखळीत लिहायचं. जोडावरची रँक, म्हणजे दोन खोक्यांमधल्या दुव्याची रुंदी, ५ असेल तर फार तर ५,००० आकडे. चलांत गुणाकाराचं नातं असेल तर रँक अगदी लहान राहते. वर काढलेल्या बोअरच्या छोट्या सूत्रात पातळ्या वेगवेगळ्या धरल्या तरी २ पुरे. चलांचा क्रम मात्र विचार करून लावा. एकमेकांशी गुंतलेली चलं शेजारी ठेवा, नाहीतर रँक उगीच फुगते.

न्यूरल नेटवर्क? दोनशे रनवर माझ्याकडून नको. १९८९ मध्ये जॉर्ज सिबेन्को यांनी सिद्ध केलं की पुरेसं रुंद जाळं कोणतंही सलग फलन हवं तितकं जवळ आणू शकतं. पण ते जाळं तुमच्याकडच्या बिंदूंवरून सापडेल असं ते प्रमेय म्हणत नाही. हजारो-लाखो रन असतील, किंवा प्रोग्राम दर रनला ग्रेडियंटही देत असेल, तर चित्र पालटतं. आठ चलांत एका रनमधून एकाऐवजी नऊ आकडे मिळतात, आणि न्यूरल नेटवर्क खरोखर चालतात.

उडी किंवा घडी असेल तर कोणतीही गुळगुळीत पद्धत तिच्या आसपास लाटा मारते. जागा माहीत असेल तर पेटीचे दोन भाग करून दोन मॉडेलं बांधा. घडीला मॉडेलात कोंबण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

पायरी सहावी: सहगुणक काढताना

सहगुणकांपेक्षा बिंदू किमान दोन-तीन पट हवेत. पदं क्ष, क्ष², क्ष³ अशी कच्ची न घेता लेजांद्र किंवा चेबिशेव्ह बहुपदींत घ्या. आणि किमान वर्ग पद्धतीत (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करताना) मॅट्रिक्सला तिच्याच ट्रान्सपोझने गुणून समीकरणं सोडवू नका. त्या गुणाकाराने कंडिशन नंबरचा, म्हणजे छोटी चूक किती पट फुगू शकते त्या आकड्याचा, वर्ग होतो. तो मुळात दहा कोटी असला तर वर्ग १ वर १६ शून्यं, आणि संगणकाच्या दुहेरी अचूकतेत अंकच सोळा. म्हणजे हाती काही उरत नाही, आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही. त्याऐवजी क्यूआर विघटन, म्हणजे मॅट्रिक्सची दोन सोप्या मॅट्रिक्सांत फोड, वापरा. सगळ्या चांगल्या लायब्रऱ्यांत ते तयार मिळतं.

पायरी सातवी: चाचणी

काही बिंदू सुरुवातीपासून बाजूला ठेवा, आणि ते वेगळ्या यादृच्छिक मांडणीतले असू द्या. मॉडेलच्या बिंदूंच्या अगदी शेजारचे चाचणी-बिंदू खोटं समाधान देतात.

आर-वर्ग, म्हणजे उत्तराच्या चढउतारातला मॉडेलने पकडलेला वाटा, ०.९९ आला म्हणून खूश होऊ नका. ०.९९ म्हणजे उरलेली चूक उत्तराच्या प्रमाण विचलनाच्या एक दशांश. एक टक्का नाही, दहा टक्के! ०.९९९९ ला ती एक टक्का होते. त्यापेक्षा चूक मूळ एककात लिहा: सरासरी किती, सर्वात वाईट किती, आणि ती सर्वात वाईट जागा कुठे. ती जागा नेहमी एकाच कोपऱ्यात निघत असेल, तर पुढचे रन तिथेच टाका.

मग ६४, १२८, २५६ बिंदूंवर तेच मॉडेल बसवून चूक दुहेरी लॉग आलेखावर मांडा. रेषा खाली जातेय तोवर रन वाढवण्यात अर्थ आहे. ती आडवी झाली असेल तर थरथरीची तळरेषा गाठलीय, किंवा घडी आहे, किंवा एखादं चल तुम्ही चुकून गोठवलंय. सोबत एका साध्या रेषीय मॉडेलची चूकही मांडा. तुमचं भारी मॉडेल त्याच्यापेक्षा जेमतेम सरस असेल तर पायरी तिसरीकडे परत जा.

मॉडेलवर इष्टतम बिंदू शोधणार असाल तर एक सापळा ओळखून असा. शोध घेणारा अल्गोरिदम मॉडेलच्या चुकांवरच नेमका जाऊन बसतो, कारण जिथे मॉडेल चुकून फार चांगलं उत्तर देतं तीच जागा त्याला सर्वोत्तम दिसते. सापडलेल्या जागी मूळ प्रोग्राम चालवा, तो बिंदू मॉडेलात घाला, पुन्हा शोधा. दोन्हींची उत्तरं जुळेपर्यंत हा फेरा चालू ठेवा.

शेवटी मॉडेल कुणाच्या हाती देताना त्याच्यासोबत चलांच्या मर्यादा, एककं, चाचणीतली चूक आणि बिंदूंचा सीड (तेच यादृच्छिक बिंदू पुन्हा मिळवून देणारा आकडा) साठवा. मॉडेलची पहिली ओळ मर्यादा तपासणारी असावी आणि पेटीबाहेरचा आकडा आला तर तिने उत्तर देऊच नये. बोअरच्या लॉग मॉडेलला कुणी त्रिज्या ०.१५ मीटरऐवजी १५ सेंटिमीटर समजून नुसते १५ दिले, तर ते न कुरकुरता जवळजवळ दहा हजार पट मोठा प्रवाह सांगेल, आणि तोही चार दशांश स्थळांपर्यंत.